मेट्रो आपोआप थांबते, मग एक्स्प्रेस का नाही?

पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली आणि तेव्हापासून एक प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. मेट्रोची गाडी फलाटावर ठरल्या जागी थांबते, पुढे गाडी असेल तर स्वतःच वेग कमी करते. मग पुणे स्टेशनातून सुटणाऱ्या एक्स्प्रेसला हे का जमत नाही? रेल्वेचा मोठा अपघात झाला की याला दुसरा प्रश्न जोडला जातो: चालक चुकला तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ यंत्रणा बसवलेली असती तर ती माणसं वाचली असती का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, कधी हो आणि कधी नाही. ‘हो’ कशाच्या जोरावर म्हणता येतं हे आधी पाहू, कारण ‘नाही’ का म्हणावं लागतं ते त्यानंतरच नीट उमगतं.

रस्त्यावर आपण डोळ्यांच्या भरवशावर गाडी चालवतो. पुढचा थांबला की आपण ब्रेक दाबतो. रेल्वेत हे शक्यच नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून धावतं, घर्षण अगदी कमी. म्हणूनच एक इंजिन हजारो टन ओढू शकतं आणि म्हणूनच ती गाडी चटकन थांबत नाही. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर पुढे जाते आणि तिला पूर्ण थांबायला साधारण किलोमीटरभर रूळ लागतो. रात्री, पावसात किंवा वळणावर किलोमीटरभर पुढचं कुणालाच दिसत नाही. त्यामुळे रेल्वेने फार पूर्वीच एक नियम पत्करला: रुळाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. पुढचा ब्लॉक मोकळा आहे की नाही, हे सिग्नल सांगतो.

पण तो मोकळा आहे हे सिग्नलला कोण सांगतं? याची युक्ती १८७२ सालची आहे आणि आजही चालते. ब्लॉकच्या दोन्ही रुळांमधून हलकासा विद्युतप्रवाह सोडतात. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका. प्रवाह पोचतोय तोवर रिलेमधली पट्टी वर उचललेली राहते आणि सिग्नल हिरवा राहू शकतो. गाडी आत शिरली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले उपाशी राहतो, पट्टी खाली पडते आणि सिग्नल लाल होतो.

यातली खरी करामत त्या पट्टीत आहे. ती स्वतःच्या वजनाने पडते, स्प्रिंगने ओढून नव्हे. स्प्रिंग गंजू शकते, तुटू शकते. गुरुत्वाकर्षण कधी बंद पडत नाही. शिवाय वायर तुटली, बॅटरी उतरली किंवा रूळच तुटला, तरी परिणाम एकच: प्रवाह थांबतो, पट्टी पडते, लाल लागतो. बिघाड झाला तर गाड्या थांबाव्यात, सुटू नयेत. सिग्नल यंत्रणेतला प्रत्येक भाग याच हट्टाने बनवलेला असतो. ‘सिग्नल बिघाडामुळे लोकल उशिरा’ ही बातमी वाचून आपण चिडतो, ते स्वाभाविक आहे. पण बहुतेक वेळा ती यंत्रणा नेमून दिलेलंच काम करत असते. आता अनेक ठिकाणी या पद्धतीच्या जागी अॅक्सल काउंटर आलेत. ब्लॉकमध्ये शिरताना किती आस गेले आणि बाहेर पडताना किती आले, ते मोजतात. हिशेब जुळला तरच ब्लॉक मोकळा.

त्यापुढचा भाग सांध्यांचा. गाडीला मेन लाइनवरून लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, नेतात तो सांधा. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडचा, असं झालं तर अनर्थ ठरलेला. म्हणून दोघांना एकमेकांत अडकवून ठेवतात: सांधा योग्य बाजूला पूर्ण सरकून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही आणि हिरवा झाल्यावर सांधा हलू शकत नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा हे सगळं लोखंडी खटक्यांनी व्हायचं. पुढे रिले आले, आता संगणक आला. तर्क तोच राहिला. फाटकाला सिग्नल जोडलेला असला तर त्यालाही हाच नियम. फाटक बंद होऊन कुलूप लागेपर्यंत गाडीला सिग्नल मिळत नाही.

याच विचाराचं एक रूप आपल्या बोरघाटात आहे. पुण्याहून मुंबईकडे जाताना खंडाळ्यानंतर गाडी मंकी हिलला, ठाकुरवाडीला अशी मध्येच थांबते. फलाट नाही, कुणी चढत-उतरत नाही. बहुतेकांना वाटतं, सिग्नल मिळाला नसेल. खरं कारण वेगळं आहे. या घाटात ३७ मीटरला १ मीटर असा उतार आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी इथे सुटली तर थेट कर्जतच्या दिशेने कोसळत जाईल. म्हणून उतरणीच्या मार्गावर कॅच सायडिंग ठेवली आहेत, म्हणजे डोंगरावर चढत जाऊन संपणारे आडवाटेचे रूळ. सांधा एरवी त्या आडवाटेकडेच वळवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. थांबली नाही तर ती आपोआप चढावर जाते आणि वेग हरवून बसते. ‘गाडी धोक्यात आहे’ हे कुणी ओळखायची गरजच ठेवलेली नाही. ती सुरक्षित आहे हे तिने स्वतः सिद्ध करावं लागतं. रेल्वे सुरक्षेचा याहून चांगला धडा मला कुठल्याही नियमावलीत सापडलेला नाही.

तर ब्लॉक, सिग्नल, इंटरलॉकिंग इतकं सगळं झालं, तरी एक भगदाड राहतं. सिग्नल लाल आहे आणि लोको पायलटने, म्हणजे इंजिनाच्या चालकाने, तो ओलांडला तर? सिग्नल म्हणजे शेवटी एक दिवा. तो ब्रेक लावू शकत नाही.

हे होऊ नये म्हणून इंजिनात दोन माणसं असतात. सिग्नल दिसला की सहायक लोको पायलट हात दाखवून त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो आणि लोको पायलट तोच रंग पुन्हा बोलतो. रात्री तीन वाजता, भर पावसात, प्रत्येक सिग्नलला. शिवाय एक दक्षता यंत्र असतं. साठ सेकंदांत लोको पायलटने कुठल्याही नियंत्रकाला हात लावला नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो आणि तरीही काही हालचाल नसेल तर ब्रेक लागतात. पण या यंत्राला माणूस जागा आहे एवढंच कळतं. पुढे काय आहे, याची त्याला खबर नसते. जागा माणूसही चुकतो. धुक्यात सिग्नल हुकतो, शेजारच्या लाइनचा सिग्नल आपला वाटतो, थकव्याने पिवळा हिरवा भासतो. लाल ओलांडणाऱ्या प्रत्येकाला बेफिकीर ठरवणं सोपं आहे आणि तो त्या माणसांवर अन्याय आहे.

‘कवच’ हे भगदाड बुजवतं.

त्याआधीचा एक प्रयत्न आपल्या कोकण रेल्वेचा आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या गैसाल इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्या काळात कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांनी टक्कररोधक यंत्र विकसित केलं. इंजिनांनी उपग्रहाच्या मदतीने आपापली जागा ओळखायची, रेडिओवरून एकमेकांना सांगायची आणि धोका दिसला की ब्रेक लावायचे. कल्पना धाडसी होती. ईशान्य सीमा रेल्वेवर ती वापरलीही गेली. अडचण आली ती शेजारच्या रुळाची. दोन लाइनमधलं अंतर जेमतेम पाच मीटर. समोरून येणारी गाडी आपल्याच रुळावर आहे की शेजारच्या, हे उपग्रहावरून खात्रीने ओळखणं कठीण. विनाकारण ब्रेक लागू लागले की चालकांचा यंत्रावरचा विश्वास उडतो आणि विश्वास उडालेलं यंत्र असून नसल्यासारखंच.

पुढच्या पिढीने जागा आकाशातून विचारायची सोडून रुळाला विचारली. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेने, भारतीय कंपन्यांसोबत विकसित केलेल्या या यंत्रणेच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. तीच ‘कवच’. रुळांमधल्या स्लीपरवर ठरावीक अंतराने आरएफआयडी टॅग बसवतात. आपल्या फास्टॅगच्या कुळातलीच ही वस्तू. तिला बॅटरी नसते. वरून इंजिन गेलं की त्याच्या पोटाखालचा वाचक तिला क्षणभर जागं करतो आणि टॅग आपला पत्ता सांगतो: अमुक ठिकाण, अमुक लाइन. दोन टॅगमधलं अंतर इंजिन स्वतःच्या चाकांच्या फेऱ्यांवरून मोजतं. उपग्रहाचं काम उरलं ते मुख्यतः सगळ्यांची घड्याळं जुळवण्यापुरतं.

दुसरं टोक स्टेशनात. तिथलं कवचचं यंत्र इंटरलॉकिंगला जोडलेलं असतं, त्यामुळे कुठला सिग्नल कोणत्या रंगात आहे आणि सांधा कुठे वळलाय हे त्याला कळतं. ते मनोऱ्यावरून रेडिओने इंजिनाला कळवतं, की तुला इतक्या मीटरपर्यंत जायची मुभा आहे. इंजिनातला संगणक त्या अंतरातून मागे मोजत येतो: वेग इतका, उतार इतका, ब्रेक असे, तर कुठल्या क्षणी वेग किती उतरलेला हवा. लोको पायलट स्वतः ब्रेक लावत असेल तर यंत्र गप्प राहतं. वेग हिशेबाच्या वर गेला तर आधी इशारा देतं आणि ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावतं. लूप लाइनवर शिरताना वेग आवरतं, फाटकाजवळ भोंगा वाजवतं. ठराविक वेळेत स्टेशनकडून नवा निरोप आला नाही तर जुनी मुभा शिळी मानली जाते. पुन्हा तोच हट्ट.

या यंत्रणेला सिल-४ हा सुरक्षेचा सर्वोच्च दर्जा आहे. ‘दहा हजार वर्षांत एक चूक’ असं त्याचं वर्णन आपण ऐकतो. हा आकडा नीट वाचायला हवा. त्याचा अर्थ, एका यंत्रात धोकादायक बिघाडाची शक्यता १० कोटी तासांत एकदा याहून कमी. १० कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षं. पण देशभर अशी दहा हजार यंत्रं धावली तर त्या सगळ्यांची मिळून वर्षं दहा हजारपट वेगाने सरतात. कमाल मर्यादा धरली तर वर्षाला जवळपास एक. प्रत्यक्षातला धोका त्याहून बराच कमी असावा, अशीच रचना असते. तरी ‘दहा हजार वर्षं निश्चिंत’ हा अर्थ चुकीचा. आणि या आकड्यात यंत्राला बाहेरून मिळालेल्या चुकीच्या माहितीचा हिशेब नाहीच. त्याकडे येतोच.

आता मेट्रो. पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांवर सीबीटीसी ही पद्धत आहे. गाड्या आणि नियंत्रण यंत्रणा रेडिओवर सतत बोलत असतात. इथे ब्लॉकचे ठरलेले तुकडे महत्त्वाचे राहत नाहीत; पुढच्या गाडीच्या शेपटीपासून सुरक्षित अंतर सोडून मागच्या गाडीची हद्द आखली जाते आणि पुढची सरकेल तशी हद्दही सरकते. त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर कमी ठेवता येतं. वेग वाढवणं, कमी करणं, फलाटावर नेमक्या जागी थांबणं हे संगणकाकडे सोपवता येतं. केबिनमध्ये चालक असतो. दिल्लीच्या मजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविनाही गाड्या धावू लागल्या.

मग हेच रेल्वेला का नको? कारण मेट्रोचं जग बंदिस्त आहे. पुण्यातल्या सगळ्या मेट्रो गाड्या तीन डब्यांच्या, एकाच धाटणीच्या, एकसारख्या ब्रेकच्या. त्या आपली मार्गिका सोडून कुठे जात नाहीत. वाटेत फाटक नाही, गुरं नाहीत, रूळ ओलांडणारी माणसं नाहीत. आता पुणे स्टेशनात उभं राहून पाहा. एका फलाटावर लोणावळा लोकल, दुसऱ्यावर हावड्याची आझाद हिंद, तिसऱ्यावर जम्मूची झेलम, मधल्या लाइनवरून सिमेंटची किंवा तेलाची मालगाडी. प्रत्येकीचं वजन वेगळं, ब्रेक वेगळे. भरलेली मालगाडी आणि रिकामी मालगाडी यांचं थांबायचं अंतरसुद्धा सारखं नसतं. इंजिन देशातल्या कुठल्याही शेडचं असू शकतं. म्हणजे रुळाला कवच बसवून भागत नाही, त्या रुळावर येणाऱ्या प्रत्येक इंजिनालाही ते हवं. दोन्हींपैकी एकच असेल तर संरक्षण शून्य. एखाद्या मार्गावर ‘कवच बसवलं’ ही बातमी आली की तिथून जाणाऱ्या किती इंजिनांत ते आहे, हे मी आधी शोधतो.

खर्चाचा सरकारी अंदाज किलोमीटरला सुमारे ५० लाख आणि एका इंजिनाला सुमारे ८० लाख रुपये असा सांगितला गेला आहे. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने रुळाकडचे ३२ कोटी. एका उड्डाणपुलाचा खर्च आठवला तर हा आकडा मोठा वाटत नाही. पैशापेक्षा वेळखाऊ आहे ते कामच: मनोरे, ऑप्टिकल फायबर, प्रत्येक स्टेशनच्या इंटरलॉकिंगशी जोडणी, प्रत्येक टॅगवरचा अचूक पत्ता आणि हे सगळं गाड्या चालू ठेवून करायचं. दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवर ते आधी झालं, नंतर दिल्ली-मुंबई आणि दिल्ली-हावडा हे मार्ग हाती घेतले गेले. वेग वाढायला हवा, यात शंका नाही. जगात बहुतेक देशांनी मोठा अपघात झाल्यावरच हे केलं. अमेरिकेत २००८ मध्ये चॅट्सवर्थला २५ माणसं गेल्यावर कायदा झाला आणि काम २०२०च्या अखेरीस पुरं झालं. आपण तशी वाट पाहायचं कारण नाही.

आणि आता ते ‘नाही’.

२ जून २०२३. ओडिशात बालासोरजवळ बहनगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. लोको पायलटने कसलीही चूक केली नव्हती. पण सांधा वळलेला होता लूप लाइनकडे आणि तिथे लोहखनिजाची मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं, की जवळच्या फाटकाचं काम चालू असताना तारांची जोडणी चुकली होती. त्यामागे एक जुनी चूक होती: पूर्वी केलेला एक बदल आराखड्यावर उतरलाच नव्हता आणि तारांच्या टोकांवरची नावं प्रत्यक्षाशी जुळत नव्हती. परिणामी सांधा लूपकडे असताना इंटरलॉकिंगला तो सरळ आहे असंच कळत राहिलं.

अशा वेळी कवच काय करणार? त्याची माहिती त्याच इंटरलॉकिंगकडून येते. तिथून ‘मार्ग मोकळा’ असा निरोप आला की तेही ‘जा’ म्हणणार. सांध्याच्या पुढचा टॅग वाचून गाडी भलत्याच लाइनवर आली हे कळलं असतं, पण सेकंदाला ३५ मीटर या वेगात तोवर हातात अंतर उरलेलं नव्हतं.

वॉशिंग्टनच्या मेट्रोत २२ जून २००९ रोजी असंच घडलं. तिथे गाड्या स्वयंचलित पद्धतीने धावत होत्या. रुळातल्या सर्किटला उभी असलेली गाडी ‘दिसली’ नाही आणि मागच्या गाडीला संगणकाने पुढे सोडलं. चालक महिलेने शेवटच्या क्षणी आणीबाणीचा ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. नऊ जण गेले. त्या जागेवरचा एक भाग काही दिवसांपूर्वीच बदलण्यात आला होता. जून २०२४ मध्ये न्यू जलपायगुडीजवळ कंचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली, त्या दिवशी पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते आणि गाड्या कागदी परवानगीवर सोडल्या जात होत्या. त्या मार्गावर कवच नव्हतं. असतं तर ही टक्कर कदाचित टळली असती.

या तिन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यंत्रणेला कुणी हात न लावता ती शांतपणे चालू असताना यातलं काहीच घडलं नाही. घडलं ते तिची पेटी उघडून काम केल्यावर, किंवा ती बाजूला ठेवून माणसांनी कारभार हाती घेतलेला असताना. म्हणून माझ्या मते कवचवर जेवढी चर्चा होते तेवढीच त्या पेटीच्या कुलपावर व्हायला हवी. स्टेशनच्या रिले रूमला, म्हणजे इंटरलॉकिंगची यंत्रं असलेल्या खोलीला, दोन कुलपं असतात. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल विभागाच्या माणसाकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडू नये, यासाठी. आतल्या तारेला हात लावण्याआधी सिग्नलवाल्याने लेखी द्यायचं, की अमुक भाग मी खोलतोय. मास्तरने तो भाग बंद समजूनच गाड्या चालवायच्या. काम झालं, तपासणी झाली, की पुन्हा लेखी. बालासोरनंतर या दुहेरी कुलपांची देशभर तपासणी करण्याचे आदेश निघाले.

आपल्या रोजच्या अनुभवात हे येतं ते मेगाब्लॉकच्या रूपात. पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या वर्षांत कोल्हापूरकडच्या गाड्या रद्द किंवा उशिरा झाल्या, तेव्हा बातमीत ‘नॉन-इंटरलॉकिंग काम’ असे शब्द असायचे. त्याचा अर्थ, त्या स्टेशनचं जुनं इंटरलॉकिंग सोडवलंय आणि नवं अजून जोडायचंय. मधल्या काळात सांधे माणसं हाताने फिरवतात, क्लॅम्प लावून कुलूप घालतात आणि गाड्या त्यांवरून ताशी १५ किलोमीटरने जातात. नवी जोडणी झाली की प्रत्येक मार्ग एकेक करून तपासायचा: स्टेशनातल्या नियंत्रण पॅनलवर मार्ग लावायचा, सिग्नल कोणता येतो ते पाहायचं आणि सांधा खरंच त्या बाजूला गेलाय का, हे रुळावर उभं राहून बघायचं. पॅनलवर दिसतंय तेवढ्यावर भागवायचं नाही. मोठ्या यार्डात अशा मार्गांच्या जोड्या शेकड्यांत असतात. या कामाला घाई चालत नाही. ब्लॉक लांबला म्हणून गाडी दोन तास उशिरा सुटली तर मी तक्रार करणार नाही; ‘काम ठरलेल्या वेळेआधीच फत्ते’ अशी बातमी आली, तर मात्र तपासणीचे तास कुणी कापले का, हे रेल्वेला जरूर विचारेन.